पुरे म्हणणारा माणूस

"परवानगी, बाई."

मी शेगडीकडे तोंड करून उभी होते. मक्याच्या कुस्कुसची वाफ वर यायला लागली होती, शेजारी कढईत खारवलेलं मांस तडतडत होतं, आणि मला वाटलं दारात कुणीतरी परका आलाय, पाण्याचं मीटर बघणारा किंवा चर्चचा एखादा गुळगुळीत पोरगा. वळून पाहिलं तर जादी. माझा नातू, माझ्या हातावर वाढलेला. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये जिथे फरशीचा रंग बदलतो, बरोबर त्या रेषेच्या अलीकडे उभा होता. दोन्ही हात पाठीमागे, मनगटावर मनगट. डोकं खाली, तासलेलं, टाळूवर एक जुनी खोक दिसत होती जी अकरा महिन्यांपूर्वी तिथे नव्हती. "काय हवंय?" मी विचारलं. "पाणी, बाई." "मग घे की. हात तुटलेत का?" तरी हलला नाही. वाट बघत राहिला. मला आधी कळेना कसली, आणि मग कळलं. त्याला मी 'जा' म्हणायला हवं होतं. माझ्याच घरात, माझ्याच मडक्यातलं पाणी प्यायला. मी म्हटलं, "जा." तो रेषा ओलांडून आला, पाणी प्यायला, पेला धुतला, पालथा ठेवला, आणि पुन्हा त्या रेषेपलीकडे जाऊन उभा राहिला. "आभारी आहे, बाई." बाई म्हणे. ह्याचं नाक मी झग्याच्या टोकाने पुसलंय. ह्याला गोवर झाला तेव्हा तीन दिवस मांडीवर घेऊन बसले होते.

शनिवार सकाळ होती. डोंगराच्या आमच्या बाजूला शनिवारी सगळे रेडिओ एकदम लागतात आणि तीनशे पायऱ्यांच्या जिन्यावर बायका बादल्या घेऊन एकमेकींना शिव्या देत चढतात. तोच गोंगाट, तेच ऊन, दरड कोसळू नये म्हणून उतारावर घातलेलं तेच काळं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. रेसिफे शहराला पोराच्या येण्याजाण्याचं काही नसतं. पोरांच्या सुधार केंद्रातून त्याला दोन दिवसांसाठी सोडलं होतं, पहिल्यांदाच. रविवारी पाचच्या आत परत पोचवायचा. बुधवारी जज्जसाहेबांसमोर त्याचा कागद येणार होता, आणि साहेब ठरवणार होते की पोरगा घरी येतो की आणखी सहा महिने आत राहतो. मला बोलावणं होतं. घरचं माणूस काय म्हणतं ते साहेब ऐकतील, असं केंद्रातली समाजसेविका म्हणाली होती. डॉक्टर म्हणतो आम्ही तिला. ज्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे तो आमच्याकडे डॉक्टर. "ह्या वेळी नीट बोला हं, दोना लेओनिल्दा," ती मला मानाचं दोना लावून मधाळ आवाजात म्हणाली होती. ह्या वेळी. ते दोन शब्द तिने असे अलगद ठेवले, जसं कुणी आपल्या ताटात केस ठेवावा.

जेवायला बसला तर सात मिनिटांत ताट रिकामं. डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा. सुरी ठेवली होती तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मांस चमच्याने दाबून दाबून तोडलं. पूर्वी हाच पोरगा जेवताना बडबड करायचा, तोंडात घास असताना हसायचा, मी म्हणायचे गुरासारखा खातोस, आणि तो मुद्दाम हंबरायचा. आता चघळण्याचाही आवाज नाही. "आवडलं का?" "होय, बाई." "मीठ जास्त झालंय." "होय, बाई." "मीठ नाहीच आहे त्यात." तो थांबला. चमचा हवेत. खाली बघत म्हणाला, "होय, बाई." मी उठून मागच्या अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाखाली थुंकले.

केंद्राचा वास मला आता कुठेही येतो. फिनेल, उकडलेले सॉसेज, आणि साठ पोरांच्या ओल्या रबरी चपला. दर रविवारी दोन बस बदलून, उसाच्या शेतांमधून मी तिथे जात होते. दारात बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात पारदर्शक पिशवी. बिस्किटं पुड्यातून काढून आणायची, साबण दोन तुकडे करून आणायचा. मी कसाव्याच्या कंदाचा केक न्यायचे. आतली रखवालदारीण त्याला तीच सुरी आडवी उभी घालायची जिने आधीच्या बाईचा साबण कापलेला असायचा. "बघू काय लपवलंय," म्हणायची, आणि हसायची, आणि केकला साबणाची चव यायची, आणि पोरं तो खायची. मग आमची पाळी. पडद्यामागे कपडे काढा, खाली आरसा, उकिडव्या बसा, उठा, पुन्हा बसा, पुन्हा उठा, खोका. मी चौसष्ट वर्षांची आहे. माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला दिव्याच्या उजेडात पाहिलेलं नाही. पहिल्या वेळी मी म्हटलं, "माझ्या पोटात काय तोफ आहे का गं?" तर ती म्हणाली, "दोना, नियम सगळ्यांना सारखा, नाहीतर घरी जा." मी बसले. तीनदा बसले. शेजारी एक पोरसवदा आई होती, दूध येत होतं तिला, ती रडत होती आणि तिच्या पायावर दुधाचे थेंब पडत होते. मी तिच्याकडे पाहिलं नाही. किळस आली होती, पण कुणाची ते त्या वेळी ठरवता आलं नाही. रखवालदारणीची, आरशाची, की माझ्या त्या गुडघ्यांची जे इतक्या मुकाट्याने वाकले होते.

माझा नातू निर्दोष आहे असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. खालच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात तो आणि त्याचा तो मेला मित्र, खेळण्यातलं पिस्तूल काळ्या रंगाने रंगवून, घुसले. गल्ल्यावर एलियाने नावाची पोरगी होती, एकोणीस वर्षांची. तिने हात वर केले आणि उभ्या उभ्या तिचे कपडे ओले झाले. हे मला पोलिसांनी नाही सांगितलं. मी स्वतः तिच्याकडे गेले होते, तिच्या आईच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसून. एलियाने म्हणाली, "तो हसत होता, दोना. मला पाहून हसला." ते हसणं मी ओळखते. घाबरला की त्याला हसू येतं, लहानपणापासून, इंजेक्शनची सुई पाहूनही तो हसायचा. पण हे मी तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? तिच्या अंगावर ते हसणं कायमचं डागलंय, त्याला मी काय फडकं लावणार? घरी येताना दोनशेव्या पायरीवर मला बसावं लागलं, आणि मी माझ्याच रक्ताची किळस करत बसले. पोरगी ओली झाली आणि हा हसला. हे मी त्याच्या बाजूने बोलताना आजही पोटात दाबून बोलते.

दुपारी कितेरिया आली. शेजारीण. दार वाजवायची सवय नाही, आधी आवाज येतो मग बाई येते. "कुठाय आमचा कैदी? बघू दे तरी!" जादी खोलीच्या मधोमध होता. तिची सावली दारात पडली आणि तो एका झटक्यात वळला, भिंतीकडे तोंड केलं, कपाळ भिंतीपासून चार बोटांवर, हात पाठीमागे. तसाच उभा राहिला. भिंतीवर माझ्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो आहे, त्याच्या नाकाला नाक लावल्यासारखा. कितेरियाचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग ती हसायला लागली. "अगं आई गं! हा काय खेळ?" मी म्हटलं, "तिकडे कुणी आत आलं की असं करायचं असतं." "कुणीही?" "कुणीही." ती जवळ जाऊन त्याच्या पाठीवर थोपटायला लागली, तर त्याच्या मानेवरची कातडी थरथरली, माशी बसल्यावर घोड्याची थरथरते तशी. "वळ रे बाळा, मी आहे, तुझी कितेरियामावशी, तू माझ्या कोंबड्या चोरल्या होत्यास." तो वळेना. मी म्हटलं, "वळ." तेव्हा वळला.

कितेरिया जाताना मला जिन्यावर घेऊन गेली. "काहीही म्हण लेओ, सुधारला हं. आमच्या मेल्यांना पाठवायला हवं तिथे महिनाभर. कसा उभा राहतो!" तिच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं, पुदिन्याच्या जुडीसारखं ताजं. मला तिला खालच्या पायरीवर ढकलून द्यावंसं वाटलं. "सुधारला?" मी म्हटलं. "दारात कुत्रं उभं राहतं ना गं तुझ्या, लाथेच्या अंतरावर, तेही सुधारलेलंच आहे." ती दुखावली. मग म्हणाली, "तुझी जीभ, लेओ. तुझ्या ह्या जिभेनंच पोरगा आत गेला. बुधवारी तरी त्याचं चांगलं बोल. बाजारात मासळी विकतात तसं बोल. ताजा आहे, गोड आहे, काटा नाही. नाहीतर तोंड शिवून बस." ती गेली. मी तिथेच उभी राहिले. खरं बोललेलं माणूस निघून गेलं तरी त्याचा घाम मागे राहतो.

माझ्या जिभेनं. हो. पण जीभ माझ्या एकटीची नव्हती, आईचीही होती, आणि तिच्या आईची. आम्ही उसाच्या मुलखातले. मी सात वर्षांची असताना मोठ्या घराच्या बागेतून तीन संत्री उचलली होती. आईला कळलं. तिने मला केसाला धरून मालकिणीच्या ओसरीपर्यंत ओढत नेलं आणि तिथे, मालकिणीच्या डोळ्यांसमोर, दोन कानाखाली दिल्या. "ठेवून घ्या हिला! मला नको असली चोर! हवं तर पोलिसांना द्या, हवं तर विहिरीत टाका!" मी किंचाळत होते. आई आणखी मोठ्याने ओरडत होती. आणि मालकीण, जिने आमच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं, ती हातातला पंखा खाली ठेवून म्हणाली, "पुरे, पुरे. लेकरू आहे. घेऊन जा." संपलं. वाटेत उसाच्या आडोशाला आईने मला जवळ घेतलं, गालावर थुंकी लावून चोळलं आणि एक संत्रं तिच्या झग्यातून काढून मला सोलून दिलं. मी काही विचारलं नाही. सात वर्षांच्या पोरीलाही कळतं. आपल्या माणसाला आपण आधी मारायचं, समोरच्यापेक्षा जोरात, म्हणजे समोरच्याचा हात उठत नाही. त्याला 'पुरे' म्हणायची जागा करून द्यायची. मोठं होण्याची ती जागा मिळाली की मोठी माणसं मोठी होतात. माझी लेक रोसी, जादीची आई, लहान असताना तिने अमारो दुकानदाराची काचेची बरणी फोडली तेव्हा मीही तेच केलं. "घे हिला, अमारोभाऊ, तुझ्या दुकानात झाडू मारू दे जन्मभर!" आणि अमारोने कपाळ पुसत म्हटलं, "अहो राहू दे, दोना लेओ, पोर घाबरलंय, घेऊन जा." आणि वर एक गोळी दिली तिच्या हातात. डोंगरावर सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी, पहिल्या सुनावणीच्या दिवशी, कोर्टाच्या गल्लीत सरकारने दिलेली वकील भेटली, पोरगीच ती, हातात फायलींचा गठ्ठा, एका पायावर उभी राहून सॅंडल नीट करत म्हणाली, "आजी, आत विचारलं तर त्याच्याबद्दल चांगलं बोला. घरी सांभाळू म्हणा." मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय? आपल्या पोराचं आपणच चांगलं बोललं की समोरचा माणूस चिडतो. त्याला वाटतं, हिला लाज नाही. मग तो आणखी घट्ट होतो. मी माझा निळा झगा घातला होता, केसांना तेल. आत थंडगार खोली होती, यंत्राची गार हवा घशात जात होती. जज्जसाहेब तरुण होते, माझ्या रोसीपेक्षा लहान, पुढ्यात पाण्याची बाटली, तिच्यावर थेंब जमलेले. जादी भिंतीशी, हातात बेड्या, पायात रबरी चपला. माझ्याकडे पाहत होता. साहेबांनी कागदातून डोकं वर न काढता विचारलं, "बाई, ह्या मुलाला तुम्ही आवरू शकाल का?"

आणि मी उठले. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. मी जादीकडे बोट केलं आणि आईच्या आवाजात बोलले. "ठेवून घ्या ह्याला, साहेब! मला नको! माझ्या घरात चोर जन्मला नव्हता आजवर! ठेवा आत, सडू द्या, शिकू द्या माणसाला मान द्यायला!" आवाज त्या गार खोलीत भिंतींना लागून परत येत होता. मी थांबले.  आता त्याची पाळी होती. मी जागा करून दिली होती, एवढी मोठी जागा, त्यातून बैलगाडी गेली असती. मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. एक घोट पाणी प्यायले. मग शेजारच्या मुलीला म्हणाले, "लिहून घ्या." ती मुलगी बटणं दाबायला लागली. पावसाचे थेंब पत्र्यावर पडतात तशी टपटप. माझं बोलणं तिच्या बोटांतून आत गेलं. मी म्हटलं, "साहेब..." ते म्हणाले, "झालं, बाई, बसा." अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. नंतर वकील पोरीने कागद वाचून दाखवला. कुटुंब स्वतःच मुलाला केंद्रात ठेवण्याची विनंती करीत आहे. स्वतःच. मी शाळेत दोन वर्षं गेले, अक्षरं मला चाळिशीनंतर चर्चच्या वर्गात आली, पण तो एक शब्द मी त्या कागदावर बोटाने शोधून काढला आणि नखाने खरडला. कागद फाटला नाही. चांगला कागद वापरतात.

हे मी कितेरियाशिवाय कुणाला सांगितलं नाही. रोसी साव पावलोहून फोनवर रडते, तिला वाटतं वकील वाईट होती. जादीला तर मी काय सांगणार? तो तिथेच होता. त्याने ऐकलं होतं. अकरा महिने दर रविवारी मी त्याच्या समोर बसले, केक पुढे केला, हवापाण्याचं बोलले, आणि तो शब्द आमच्या दोघांमध्ये टेबलावर मेलेल्या उंदरासारखा पडून राहिला. कुणी शेपटीला धरून उचलला नाही.

रविवारी सकाळी मी ठरवलं की ह्याच्या तोंडून काहीतरी काढायचंच. शिवी चालेल. मी त्याला डिवचायला सुरुवात केली. म्हटलं, "बिछाना असा काय घडी घालतोस, शवपेटी आहे का?" "होय, बाई." म्हटलं, "बाई म्हणू नकोस मला, तुझी आजी आहे मी, मेल्या." "होय, आजीबाई." मला हसू आलं. मी म्हटलं, "तुझी आई तुला टाकून गेली." मुद्दाम म्हटलं. वाईट म्हटलं. त्याच्या जबड्यात काहीतरी हललं, गालाच्या आत एक गाठ वर आली आणि विरघळली. "होय, आजी." मी कॉफी करायला वळले आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला हात उंच केला. मागे धप्प आवाज आला. पाहते तर तो जमिनीवर, उकिडवा, बोटं मानेमागे गुंफलेली, कपाळ गुडघ्यांत. गाठोड्यासारखा गोळा झाला होता. साखरेचा डबा माझ्या हातात वर तसाच. बाहेर कुणाच्यातरी रेडिओवर फुटबॉलची चर्चा चालू होती. मला आठवला तो आरसा. आम्हा दोघांनाही त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती, बसायला.  मी डबा खाली ठेवला आणि त्याच्या समोर फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. उठायला सांगावं तर तो हुकूम झाला असता, आणि हुकूम मला द्यायचा नव्हता. म्हणून नुसती बसले. साखर बुडाशी चिकटून कॉफी करपेपर्यंत बसले. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा वर केला. मी तिथेच होते. त्याने बोटं सोडली.

साडेतीनच्या बसने निघालो. दुसरी बस उसातून जाते. तोडणी झाली होती, जाळलेल्या शेतांची राख खिडकीतून आत येत होती, माझ्या निळ्या झग्यावर काळे ठिपके. तो खिडकीशी, मी कडेला. आमच्या पुढची आसनं रिकामी होती. मी पुढच्या आसनाच्या दांड्याशी बोलल्यासारखं बोलले, त्याच्याकडे बघवत नव्हतं. "त्या दिवशी कोर्टात मी म्हटलं ना. ठेवून घ्या म्हणून." त्याने मांडीवरची राख झटकली. "मला वाटलं तो माणूस पुरे म्हणेल." बस खड्ड्यात आदळली. "आमच्याकडे म्हणायचे," मी म्हटलं. "माझ्या आईने मला तसंच नेलं होतं. मालकीण म्हणाली होती." माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला, उष्टा, चोथा झालेला. मी म्हटलं, "मी तुला टाकलं नव्हतं, जादी."

तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं आता 'होय, बाई' म्हणेल, आणि तसं म्हणाला असता तर मी बस थांबवून त्या राखेत उतरले असते. तो म्हणाला, "मला माहीत होतं." मग थोड्या वेळाने, "मी लहान असताना तू मला अमारोकडे नेलं होतंस. सायकलच्या घंटीसाठी. तेव्हापण हेच म्हणालीस." मी ते विसरले होते. खरंच विसरले होते. तो म्हणाला, "तू ओरडायला लागलीस तेव्हा मी साहेबाकडेच बघत होतो. मला वाटलं, आता म्हणतोय. त्याने पाण्याची बाटली उचलली ना, तेव्हा वाटलं, पाणी पिऊन म्हणेल." एवढं बोलून त्याचे ओठ कोपऱ्यात वर गेले. तेच हसू. सुईपुढचं, गल्ल्यापुढचं. मी त्याचा हात धरला तर तो बर्फासारखा होता. एलियानेसमोर हे हसणं कसं दिसलं असेल ते मला दिसलं, आणि ह्याच्या आतून ते कसं निघतं तेही दिसलं, आणि दोन्ही एकाच वेळी पोटात मावेनात.

दारात रखवालदारीण होती, तीच, सुरीवाली. परत आलेली चार पोरं भिंतीकडे तोंड करून ओळीत. जादीने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल पडायच्या आधीच त्याचे हात मागे गेले, मनगटावर मनगट, आणि तो पाचवा होऊन उभा राहिला. तिने मला कागद दिला. घरच्या मुक्कामात मुलगा कसा वागला, नऊ प्रश्न, होय आणि नाही यांचे चौकोन. ती वाचत गेली, मी फुल्या मारत गेले. सांगितलेलं ऐकतो का? होय. उलट बोलतो का? नाही. वेळेवर परत आला का? होय. "वा, दोना," ती म्हणाली, "एकही डाग नाही. कसा आणला होतात आणि कसा करून दिला आम्ही! आभार माना." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एक दात सोन्याचा होता तिचा, मी अकरा महिन्यांत पहिल्यांदा पाहिला. माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की ते ऐकून त्या फाटकाचा रंग उडाला असता. ओळीतला पाचवा तासलेला गोल मला दिसत होता. मी म्हटलं, "आभारी आहे, बाई." गिळलं, आणि ते खाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहिले.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर दोरीत ओवलेल्या खेकड्यांची माळ, जिवंत, पाय हलवणारे, चिखलाचा वास. बुधवारी मला उभं राहून बोलायचं होतं. ह्या वेळी कुणी पुरे म्हणणार नव्हतं, मला ते कळून चुकलं होतं. त्या गार खोलीत फक्त लिहून घेतात. तिथे जे पेराल तेच कागदावर उगवणार. आयुष्यात मी आपल्या माणसाचं परक्यासमोर कौतुक केलेलं नाही. नवऱ्याचं नाही, लेकीचं नाही. आमच्यात ते गणिकांचं आणि फेरीवाल्यांचं काम. मी घसा साफ केला.

"माझा नातू," मी त्या बाईला म्हटलं, "वाईट नाही."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मला सांगताय?"

"हो."

"वाईट नाही म्हणजे? काल परवाची मासळी आहे का?"

"चांगला आहे," मी म्हटलं. शब्द दातांत अडकला.

"किती वर्षांचा?"

"सतरा."

"सतरा वर्षांचा आणि चांगला?" तिने खेकड्याचा एक पाय झग्यातून सोडवला. "कुठे मिळतो असला? मला दोन द्या." आणि खदखदून हसली. मग माझं तोंड पाहून हसणं आवरलं. "काय केलंन त्यानं?"

"एका पोरीला भिववलंन," मी म्हटलं. "खूप भिववलंन. ते मी खोटं नाही बोलणार." खेकडे हलत होते. "पण मी त्याला भर कोर्टात टाकून दिलं, तर तो समजून होता. अकरा महिने समजून होता. कुणाला बोलला नाही."

"मग हेच सांगा की," ती म्हणाली, मला पुन्हा कोर्टात बोलायचंय हे तिला कसं कळलं कोण जाणे. "पण असं तोंड वाकडं करून नका सांगू. एरंडेल प्यायल्यासारखं दिसताय. पुन्हा म्हणा."

"माझा नातू चांगला आहे."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. तोंडात परक्याचा उष्टा चमचा घातल्यासारखं लागत होतं, आणि मी तो चाटत होते. बुधवारला अजून तीन दिवस होते.